घंटी, चेहरा, दार

रविवार, १० जून २००७. अमेरिकेत एचबीओ वाहिनीवर 'द सोप्रानोज' या मालिकेचा शेवटचा, ८६वा भाग चालू होता. त्या रात्री जवळपास १ कोटी १९ लाख लोकांनी तो पाहिला. न्यू जर्सीतल्या एका साध्याशा रेस्टॉरंटमध्ये टोनी सोप्रानो, त्याची बायको आणि मुलगा ओनियन रिंग्ज खात बसलेत. मुलगी बाहेर गाडी लावून धावत येतेय. दाराची घंटी वाजते. टोनी मान वर करतो. आणि पडदा काळा होतो. चालू असलेलं गाणंही मध्येच तुटतं.

असंख्य घरांत त्या क्षणी लोकांना एकच गोष्ट वाटली: केबल गेली. आणि गेली तीही नेमकी आत्ता! कुणी रिमोटची बटणं दाबली, कुणी केबलचा डबा हलवून पाहिला, कुणी नुसतेच ओरडले. दहाएक सेकंदांनी श्रेयनामावली आली, तीही संगीताशिवाय. तेव्हा कुठे उमगलं की केबल ठीक आहे, मालिकाच संपली आहे. एचबीओच्या संकेतस्थळावर लोकांची अशी झुंबड उडाली की ते बंद पडलं.

तेव्हापासून आजवर या शेवटाविषयी बोलायचं म्हणजे एकच प्रश्न विचारला जातो: टोनी मेला की जगला? प्रश्न रास्त आहे आणि त्याकडे मी येणारच आहे. पण मला त्याच्या आधीचा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो. मालिकांमध्ये पडदा काळा होणं काही नवीन नाही. मग याच काळ्या पडद्याने इतक्या लोकांना रिमोटकडे का धावायला लावलं? त्याचं उत्तर त्या प्रसंगाच्या बांधणीत आहे, आणि ती बांधणी शांतपणे उलगडून पाहता येते.

मालिका न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात. जेम्स गँडॉल्फिनीने रंगवलेला टोनी हा न्यू जर्सीतल्या माफिया टोळीचा म्होरक्या. त्याला अधूनमधून भीतीचे झटके येतात, म्हणून तो डॉक्टर मेल्फी या मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे जातो. जानेवारी १९९९ मध्ये पहिला भाग आला तेव्हापासून प्रेक्षक या माणसाच्या घरात, टोळीत आणि डोक्यात अशा तीन ठिकाणी एकाच वेळी वावरत होते. तो खून करतो आणि दुसऱ्या दिवशी मुलीच्या कॉलेजची चिंता करतो. मालिकेचा जनक डेव्हिड चेस. पहिला आणि शेवटचा असे दोनच भाग त्याने स्वतः दिग्दर्शित केले. शेवटच्या भागाचं लेखनही त्याचंच.

शेवटच्या भागापर्यंत टोनीभोवतीची माणसं गळत गेलेली असतात. मेहुणा बॉबी मारला गेलाय, उजवा हात असलेला सिल्व्हियो बेशुद्धावस्थेत आहे, डॉक्टर मेल्फींनी उपचार थांबवलेत. न्यूयॉर्कच्या टोळीशी समेट होतो आणि तिचा म्होरक्या फिल लिओटार्डो एका पेट्रोल पंपावर मारला जातो. म्हणजे युद्ध संपलं. पण टोनीचाच एक माणूस पोलिसांना फितूर झालाय आणि वकील सांगतो की खटला उभा राहणार हे जवळजवळ नक्की. अशा स्थितीत कुटुंब रात्री जेवायला बाहेर पडतं. जागा आहे ब्लूमफिल्ड गावातलं होलस्टन्स. हे खरंखुरं दुकान आहे, आइस्क्रीम आणि कँडीसाठी जुन्या काळापासून प्रसिद्ध. 

आता तो प्रसंग जवळून पाहू.

टोनी आत येतो, उभा राहून सगळीकडे नजर फिरवतो. पुढच्या शॉटमध्ये त्याला दिसणारं रेस्टॉरंट. पुन्हा त्याचा चेहरा. पुन्हा रेस्टॉरंट, आणि या वेळी तिथल्या बाकावर खुद्द टोनीच बसलेला! मधलं चालणं, बसणं काहीच दाखवलेलं नाही. जणू दारात उभ्या असलेल्या टोनीने बाकावर बसलेल्या टोनीला पाहिलं. हा कट पहिल्यांदा पाहताना बहुतेकांच्या लक्षातही येत नाही, पण काहीतरी किंचित निसटल्याची भावना मनात राहते. स्टॅन्ली क्युब्रिकच्या '२००१: अ स्पेस ओडिसी' या चित्रपटाच्या अखेरीस अंतराळवीर स्वतःलाच म्हाताऱ्या रूपात पाहतो, हा कट करताना तो प्रसंग आपल्या डोक्यात होता, असं चेसने पुढे सांगितलं. या एका कटने प्रेक्षकाला सूचना मिळते की इथून पुढे आपण टोनीच्या नजरेतून पाहणार आहोत.

मग टेबलावरच्या ज्यूकबॉक्सची पानं उलटत टोनी गाणं निवडतो. जर्नी या बँडचं १९८१ सालचं, अमेरिकेत लग्नांपासून बारपर्यंत सगळीकडे वाजणारं गाणं. चेसने या गाण्याचं नाव काढलं तेव्हा त्याच्या सहकाऱ्यांनीच नाकं मुरडली होती, आणि त्यामुळेच त्याची निवड पक्की झाली. बँडचा गायक स्टीव्ह पेरी याला तर धास्ती होती की आपल्या गाण्यावर रक्तपात दाखवतील. खात्री करून घेतल्यावरच त्याने परवानगी दिली.

दाराची घंटी वाजते. टोनी वर पाहतो. पुढच्या शॉटमध्ये दार, आत येणारी कुणीतरी अनोळखी बाई. मग पुन्हा घंटी, पुन्हा टोनीचा चेहरा, पुन्हा दार. कधी परका माणूस, कधी बायको कार्मेला. पुढे मुलगा ए.जे. येतो, पण त्याच्या पुढ्यात एक माणूस असतो, अंगात 'मेंबर्स ओन्ली' छापाचं करडं जॅकेट. तो काउंटरपाशी बसतो, एक-दोनदा टोनीच्या टेबलाकडे पाहतो आणि थोड्या वेळाने उठून स्वच्छतागृहात जातो. 'द गॉडफादर'मध्ये मायकेल रेस्टॉरंटच्या स्वच्छतागृहात लपवलेलं पिस्तूल घेऊन बाहेर येतो, हे माफियापट पाहिलेल्या प्रत्येकाला पाठ असतं. टोनीच्या जगातल्या माणसांनाही तो चित्रपट पाठ आहे.

दर वेळी क्रम तोच. घंटी, चेहरा, दार. घंटी, चेहरा, दार. तीन-चार वेळा तो झाला की प्रेक्षकाचा मेंदू तो शिकतो आणि आपण शिकलो हेही त्याला कळत नाही. घंटी ऐकली की तुमचेच डोळे दार शोधू लागतात. तुम्ही टोनीच्या जागी बसलेले असता, आणि टोनीसारख्या माणसाला जन्मभर जे करावं लागतं तेच करत असता: दारातून येणाऱ्या प्रत्येकाला जोखणं.

मधे मधे कॅमेरा बाहेर जातो. मुलगी मेडो रस्त्याच्या कडेला दोन गाड्यांच्या मधल्या जागेत गाडी घालायचा प्रयत्न करतेय. चाक कडेला घासतं. ती गाडी बाहेर काढते, पुन्हा घालते, पुन्हा चुकते. गाडी लावण्यासारखी रोजची गोष्ट, पण ती पाहताना छातीत धडधड होते. मला या प्रसंगातला हा सगळ्यात धाडसी भाग वाटतो. हातात पिस्तूल नाही, धमकी नाही, एकही मोठा संवाद नाही. आत टेबलावर बोलणं चाललंय ते ए.जे.च्या नव्या नोकरीचं. बाप चांगल्या दिवसांची आठवण ठेवण्याबद्दल कधीकाळी जे बोलला होता ते मुलगा सहज बोलून दाखवतो. बापाला मात्र आपण तसं बोललो होतो हे आठवतही नाही. भीती कुठूनच आलेली नाही, ती फक्त शॉट्सच्या क्रमातून आणि त्यांच्या लांबीतून तयार झालीय.

शेवटी मेडोची गाडी बसते. ती रस्ता ओलांडून धावते. घंटी वाजते. टोनीचा चेहरा वर होतो. आता क्रमाप्रमाणे दार दिसायला हवं. त्या जागी येतो काळा पडदा.

म्हणजे जो शॉट गेला तो टोनीच्या नजरेचा होता. आणि तुम्ही टोनीच्या जागी बसलेले असल्यामुळे गेली ती तुमचीच नजर. म्हणूनच लोकांना 'प्रसंग संपला' असं वाटलं नाही, 'आपलं दिसायचं बंद झालं' असं वाटलं. घरात बसलेल्या माणसाचं दिसायचं अचानक बंद झालं की तो काय करणार? केबलवाल्याच्या नावाने खडे फोडणार. प्रेक्षकांनी रिमोट उचलला यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. प्रसंगाने त्यांना जिथे नेऊन बसवलं होतं, तिथे बसलेला माणूस तसाच वागेल.

आवाजाचं कामही मोठं आहे. मालिकांमध्ये शेवट होताना संगीत हळूहळू विरतं किंवा एखाद्या सुरावर येऊन थांबतं. कानाला आधी कळतं की आता निरोप आहे. इथे गाणं ऐन चढावर तुटलं. शिवाय एचबीओ ही पैसे भरून घ्यायची, जाहिराती नसलेली वाहिनी. त्यामुळे काळ्या पडद्यामागून लगेच साबणाची जाहिरात येऊन 'सगळं ठीक आहे' असं सांगणारंही कुणी नव्हतं. चेसला तर श्रेयनामावलीही नको होती. वाहिनीचं बोधचिन्ह येईपर्यंत नुसता काळोख ठेवायची त्याची इच्छा होती. दिग्दर्शकांच्या संघटनेच्या नियमांमुळे ते जमलं नाही.

त्यानंतर आला राग. त्या रात्री आणि पुढचे कित्येक दिवस अमेरिकेत लोक तावातावाने म्हणत होते की आठ वर्षं आम्ही या माणसाच्या मागे चाललो आणि आम्हाला शेवटच दिला नाही. या रागाला पुष्कळ समीक्षकांनी अडाणीपणा ठरवलं. मला ते पटत नाही. गुन्हेगारी कथा प्रेक्षकाशी एक करार करते: गुन्ह्याचा हिशेब शेवटी होईल. पकडला जाईल, मारला जाईल किंवा निसटेल, पण जे होईल ते आम्ही पाहू. प्रेक्षकाने तो करार गंभीरपणे घेतला म्हणून तो चिडला. ज्याला काही पडलेलीच नाही तो चिडत नाही.

मात्र या मालिकेने तो करार आधीही अनेकदा मोडला होता, हेही खरं. २००१ साली आलेल्या 'पाइन बॅरन्स' या भागात टोनीची दोन माणसं एका रशियन माणसाला मेला असं समजून बर्फाळ जंगलात टाकायला नेतात, तो जिवंत निघतो, डोक्यात गोळी लागूनही पळतो आणि गायब होतो. त्याचं पुढे काय झालं हे मालिकेने कधीच सांगितलं नाही. लोक वर्षानुवर्षे चेसला त्याच्याबद्दल विचारत राहिले आणि चेस त्या प्रश्नाला कंटाळला. त्याच वर्षी डॉक्टर मेल्फींवर बलात्कार होतो आणि आरोपी तांत्रिक चुकीमुळे सुटतो. टोनीला एक शब्द सांगितला तर तो माणूस जिवंत राहणार नाही, हे मेल्फींना माहीत असतं आणि प्रेक्षकालाही. सगळे त्या शब्दाची वाट पाहत असतात. त्या सांगत नाहीत. प्रेक्षकाची सूडाची भूक जागी करायची आणि मग ती भागवायची नाही, हा या मालिकेचा जुना स्वभाव होता. शेवटच्या दहा सेकंदांत तो टोकाला गेला, एवढंच.

चेस स्वतः त्या रात्री फ्रान्समध्ये होता. दुसऱ्या दिवशी त्याने न्यू जर्सीच्या 'स्टार-लेजर' या दैनिकाच्या अॅलन सेपिनवॉल या समीक्षकाशी फोनवर बोलताना सांगितलं की मी काही समजावून सांगणार नाही, समर्थनही करणार नाही, जे आहे ते सगळं पडद्यावर आहे. हेच दैनिक मालिकेत टोनी सकाळी गाऊन घालून अंगणातून उचलून आणायचा. काही महिन्यांनी चेस जरा जास्त बोलला. ज्या माणसाच्या पापांत लोक वर्षानुवर्षे मिटक्या मारत सामील झाले, त्यालाच शेवटी रक्ताच्या थारोळ्यात पाहायची त्यांना हौस होती, याची त्याला किळस वाटली होती.

'सगळं पडद्यावर आहे' म्हटल्यावर लोक शोधू लागले, आणि इथून प्रेक्षकांचा तिसरा प्रतिसाद सुरू होतो: तपास. आधीचे भाग पुन्हा पाहिले गेले. एक धागा लगेच सापडला. एप्रिल २००७ मधल्या भागात टोनी आणि बॉबी तळ्यात नाव घेऊन बसलेले असतात, आणि आपली वेळ येते तेव्हा बहुधा ऐकूही येत नसेल, असं काहीसं बॉबी म्हणतो. शेवटून दुसऱ्या भागाच्या अखेरीस टोनीला तोच क्षण पुन्हा आठवताना दाखवलंय. चेसने तो उगाच दोनदा वापरला नसणार. दुसरा धागा सिल्व्हियोचा. तो हॉटेलात जेवत असताना समोरच्या माणसाला गोळ्या घातल्या जातात, आणि आवाज असा विस्कटतो की चेहऱ्यावर रक्त उडाल्यावरच सिल्व्हियोला, आणि आपल्याला, काय झालं ते कळतं. म्हणजे या पर्वात मृत्यू कसा येतो हे प्रेक्षकाला आधी दाखवून ठेवलं होतं. जॅकेटचंही तेच: 'मेंबर्स ओन्ली' हे सहाव्या पर्वाच्या पहिल्या भागाचं नाव, आणि त्याच भागात टोनीला त्याच्या म्हाताऱ्या काकाने गोळी घातली होती.

तपासात भेसळही झाली. पहिल्या काही दिवसांतच एक ईमेल देशभर फिरला. रेस्टॉरंटमधला प्रत्येक अनोळखी माणूस जुन्या भागांतलं पात्र आहे, जॅकेटवाला हा फिल लिओटार्डोचा पुतण्या आहे, कोपऱ्यातले दोघे म्हणजे पहिल्या पर्वात टोनीवर हल्ला करणारे, असं त्यात ठासून लिहिलं होतं. सगळं खोटं. नट वेगळे होते, श्रेयनामावलीत जॅकेटवाल्याला नावच नव्हतं. तरी कित्येकांनी विश्वास ठेवला, कारण त्यांना हवा असलेला हिशेब त्या ईमेलने पुरा करून दिला होता. कहाणी अर्धी सोडली की लोक ती पुरी करतात, आणि पुरी करताना खऱ्या-खोट्याची फार चाड ठेवत नाहीत.

हा शेवट किती लवकर सगळ्यांच्या ओळखीचा झाला ते एका गोष्टीवरून कळतं. प्रसारणानंतर नऊच दिवसांनी हिलरी क्लिंटन यांच्या अध्यक्षपदाच्या प्रचारासाठी एक छोटी फीत निघाली. हिलरी आणि बिल क्लिंटन एका रेस्टॉरंटमध्ये बसलेत, बिल यांना ओनियन रिंग्ज हव्या आहेत, पुढ्यात आलीत गाजरं, लेक चेल्सीला बाहेर गाडी लावता येत नाहीये, आणि अखेर पडदा काळा. कुणालाही काही समजावून सांगावं लागलं नाही. सप्टेंबरमध्ये त्याच शेवटच्या भागाच्या लेखनासाठी चेसला एमी पुरस्कार मिळाला आणि मालिकेलाही सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा.

आता तो प्रश्न. २०१४ साली एका अभ्यासक बाईंनी चेसला टोनी मेला का असं सरळ विचारलं, तेव्हा तो नाही म्हणाल्याचं छापून आलं. लगेच त्याच्या वतीने खुलासा झाला की शब्दांचा विपर्यास झाला, आणि टोनी जिवंत की मृत हा मुद्दाच नाही. पुढे 'द सोप्रानोज सेशन्स' या २०१९ साली निघालेल्या पुस्तकासाठी सेपिनवॉल आणि मॅट झोलर साइट्झ या दोन समीक्षकांशी गप्पा मारताना चेसच्याच तोंडून या प्रसंगाचा उल्लेख 'मृत्यूचा प्रसंग' असा होऊन गेला. समोरच्यांनी ते दाखवून दिल्यावर तो आधी गप्प झाला आणि मग त्याच्या तोंडून शिवी निघाली. २०२१ साली त्याने मूळ बेत सांगितला. दर भागाच्या सुरुवातीच्या शीर्षकांत टोनी बोगद्यातून बाहेर पडून न्यूयॉर्ककडून न्यू जर्सीत येताना दिसायचा. शेवटी तो उलट्या दिशेने, न्यूयॉर्ककडे एका भेटीला निघालेला दाखवायचा, जिथे त्याचा खून होणार. पुढे कॅलिफोर्नियात गाडीतून जाताना रस्त्यालगतचं एक छोटंसं खानावळवजा ठिकाण त्याच्या नजरेला पडलं आणि टोनीचा शेवट अशा जागी व्हावा असं त्याला वाटलं.

माझं मत विचाराल तर टोनी मेला. शॉट्सचा क्रम, तळ्यातलं बोलणं, सिल्व्हियोचं जेवण, सगळ्यांचं बोट एकाच दिशेला आहे. पण विरुद्ध बाजूचं म्हणणंही कच्चं नाही. फिल मेल्यावर आणि समेट झाल्यावर टोनीला मारायचं कारण कुणाकडे उरलं होतं? मालिकेने ते कुठेच दाखवलेलं नाही. आणि तो मेला हे मान्य केल्यानेही प्रसंग सुटत नाही. मारणारा कोण, मेडोने दारात काय पाहिलं, कार्मेलाचं काय झालं, हे सगळं त्या न दिसलेल्या शॉटच्या पलीकडेच राहतं. जून २०१३ मध्ये गँडॉल्फिनी रोममध्ये हृदयविकाराने गेला, तेव्हा टोनीला पुन्हा पाहण्याची आशाही संपली.

आज ही मालिका पाहणाऱ्याला त्या रात्रीचा धक्का तसाच्या तसा मिळणं अवघड आहे. शेवटाची कीर्ती आधीच कानावर आलेली असते. समजा आली नसली, तरी फोनवर किंवा टीव्हीवर बोट लागलं की खालची पट्टी सांगते, किती मिनिटं राहिली. पडदा काळा झाला तर माणूस पट्टीकडे पाहतो आणि त्याला कळतं की भाग संपत आलाय. केबलला दोष द्यायचा प्रश्नच येत नाही. काही ठिकाणी तर श्रेयनामावली सुरू झाल्याबरोबर पडदा आकसतो आणि पुढे काय पाहायचं याची सूचना येते. म्हणून पहिल्यांदा पाहणार असाल तर दोन गोष्टी करा. स्वयंचलित पुढे जाण्याची सोय आधी बंद करा. आणि टोनी होलस्टन्समध्ये शिरल्यावर रिमोट किंवा फोन हाताशी ठेवू नका. दुसऱ्यांदा पाहताना मात्र आवाज थोडा वाढवून फक्त घंटीकडे कान द्या, आणि प्रत्येक घंटीनंतर आपली नजर कुठे जाते ते पाहा.